बाजूच्या इगर्जीतल्या कोयरचा गाण्याचा क्लास: दोन वर्षांनंतरचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकतो, ५ पैकी ४. एक मार्क का कापला ते पुढे येईलच, कापताना जरा वाईटही वाटलं, पण रिव्ह्यू म्हटला की खरं लिहायला पाहिजे, नाहीतर मग लग्नाच्या पाकिटावर लिहितात तसं 'सस्नेह भेट' लिहून मोकळं व्हावं.

कशाचा रिव्ह्यू ते आधी. गोव्यात, बार्देश तालुक्यात, म्हापशापासून स्कूटरवर वीस मिनिटांवर एक इगर्ज (म्हणजे चर्च) आहे, तिचा यूथ कोयर (एकत्र गाणाऱ्या तरुण पोरांचा गट) आहे, आणि ते लोक दर शनिवारी साडेचार ते सहा पोरांना गाणं शिकवतात. कुठल्याही धर्माचं पोर चालतं. गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण हॉलमध्ये चाळीस पोरांच्या वर जागा नाही, उद्या अर्धा म्हापसा तिथे जाऊन उभा राहिला तर टिचर मला सोडणार नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

मी स्वतः गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो, बावीस वर्षं झाली. सोमवारचं भजन, सप्ताह, चवथीच्या आरत्या, सगळं. म्हणजे सुरातलं अगदीच कळत नाही असं नाही, पण कोयरबद्दल माझं ज्ञान एवढंच की चार गट चार वेगवेगळ्या गोष्टी गातात आणि तरी भांडण होत नाही. मुलगी नऊ वर्षांची होती, तिची वर्गातली मैत्रीण जायची म्हणून हिला पण जायचं होतं. माझ्या आईचं म्हणणं, तिला नाट्यगीतं शिकव, आपल्या घरात ते आहे. मी म्हटलं दोन्ही शिकू दे, पोरांचे कान रिकामेच असतात.

पहिल्या दिवशी फादरना भेटून सरळ विचारलं, फादर, आमची मुलगी मीसात गाणार नाही, चालेल ना? (मीस म्हणजे चर्चमधला मिस्सा, इथे सगळे मीसच म्हणतात.) ते हसले, म्हणाले मीसात गायला आमचे आहेत, हिला क्लासात आणि नाताळच्या कार्यक्रमात गाऊ दे. विषय संपला. घरी आईला सांगितलं तर ती म्हणते अरे त्यात विचारायचं काय एवढं, आपण मिलाग्रीस सायबिणीला तेल नाही का घालत. तेही खरंच, मिलाग्रीस सायबीण म्हणजे म्हापशाच्या इगर्जीतली मेरीमाता, तिच्या फेस्ताला (जत्रेला) आमच्या घरून दरवर्षी तेल जातं, शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानतात ना तिला.

आता क्लास कसा असतो ते. पहिली पंधरा-वीस मिनिटं गाणंच नसतं. पोरं गोल उभी राहतात, एक हात पोटावर, आणि टिचर (पंचविशीतली मुलगी आहे, दिवसा एका हॉटेलच्या ऑफिसात काम करते) बोटं मोजत त्यांना स्स्स्स करून श्वास सोडायला लावते, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येतो ना तसला आवाज. मग ओठ मिटून मम्म. मग नी-ने-ना-नो-नू. मला वाटलं हा सगळा टाइमपास, पाचशे रुपये गेले. दोन महिन्यांनी डोक्यात प्रकाश पडला की ही भानगड तोंडाच्या आकारासाठी आहे, चाळीस पोरांचा 'आ' चाळीस तऱ्हेचा असेल तर सूर एक असूनसुद्धा कालवाकालव ऐकू येते. आमच्या भजनात असलं काही आम्ही जन्मात केलं नाही, आमच्यात ज्याचा गळा मोठा त्याचा विठ्ठल मोठा. आणि अजून एक, लांब सूर धरायचा असला की शेजारच्याच्या बरोबर श्वास घ्यायचा नाही, तो घेईल तेव्हा तू धर, तू घेशील तेव्हा तो धरेल, मग ऐकणाऱ्याला सूर तुटलेला कळतच नाही. ही युक्ती मी आमच्या मंडळात सांगितली तर एक जण म्हणाला, आधी वेळेवर यायला शिका मग श्वासाचं बघू.

मुलीला टाकली आल्टोमध्ये. चार आवाज असतात, वरचा सोप्रानो, त्याच्या खाली आल्टो, मग पुरुषांचे टेनर आणि बेस. चाल बहुतेक वेळा सोप्रानोकडे असते. आल्टोला काय मिळतं, तर दोन-तीन सुरांवर घुटमळणारी एक ओळ, रे रे रे ग रे रे, मधेच एक म, परत रे. पहिल्या वर्षी नाताळच्या आधी तीन आठवडे घरात हेच. सकाळी दात घासताना रे रे रे ग, संध्याकाळी दिव्याला नमस्कार करताना रे रे रे ग. आई शेवटी वैतागली, म्हणाली हे कसलं गाणं, याला चालच नाही, त्या टिचरला सांग पोरीला काहीतरी बरं शिकव. मला पण तसंच वाटत होतं खरं म्हणजे, पण मी बोललो नाही.

मग एका शनिवारी मी न्यायला जरा लवकर पोचलो. पाऊस होता म्हणून हॉलच्या दारातच उभा राहिलो. टिचरने आधी सोप्रानोला एकटं गायला लावलं, छान चाल, कुणीही गुणगुणेल अशी. मग म्हणाली आल्टो, आणि आमच्या घरातली ती रे रे रे ग त्या चालीच्या खाली सरकली, आणि माझ्या अंगावर काटा आला हो, खोटं नाही सांगत. तीच कंटाळवाणी ओळ, पण तिच्यामुळे वरची चाल एकदम भरल्यासारखी झाली, पाटावर ठेवलेली मूर्ती आणि मखरात ठेवलेली मूर्ती यात जेवढा फरक तेवढा. घरी येऊन पेटी काढली, आईला समोर बसवलं, नुसता प वाजवून दाखवला, मग सा, ग आणि प एकदम दाबले. म्हटलं बघ, तुझी नात यातला ग आहे. आई म्हणाली मग ग ला पण एखादी चाल द्यायला काय होतं त्यांचं. तिच्या बोलण्यात पॉइंट आहे.

आता या कोयरची गोष्ट, कारण मला क्लासपेक्षा तीच जास्त आवडली आहे आणि ती मला शनिवारी बाहेरच्या बाकावर बसून कळली. तिथे एक अंकल येतात, पंचाहत्तरी ओलांडलेले, व्हायोलिन वाजवतात, कोयरचे जुने मास्तर. आता हात थरथरतो पण कान असा की आत चाळिसातलं एक पोर चुकलं तर बाहेर बसून भुवई उडते. त्यांचं शिक्षण इगर्जीच्या शाळेत झालं. पोर्तुगीज काळात गोव्यात चर्चला लागून या शाळा होत्या, एक शिक्षक असायचा, मेश्त्र म्हणायचे त्याला, तोच लिहायला-वाचायला शिकवायचा, तोच धर्माचे धडे द्यायचा आणि तोच दो-रे-मी (तिकडचं सारेगम) आणि व्हायोलिन. अंकल सांगतात, पयलीं दो-रे-मी, मागीर उतरां. म्हणजे आधी सूर आणि हाताने मात्रा, शब्द नंतर, आणि सूर चुकला की पट्टी. शब्द लॅटिन, अर्थ कुणालाच माहीत नाही, पण पाच रेघांवरचे ठिपके बघून कुठलंही गाणं पहिल्या झटक्यात गाता यायचं.

हे ठिपके वाचता येणं किती मोठी गोष्ट होती ते आपल्या लोकांना माहीतच नसतं. मुंबईच्या सिनेमातले ऑर्केस्ट्रे गोव्याच्या वादकांनी का भरलेले असायचे, तर संगीतकाराने चाल गुणगुणली की ती कागदावर उतरवून पन्नास माणसांना एकदम वाजवायला देणारं कुणीतरी लागायचं. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले, त्यांचे वडील गावच्या इगर्जीत कोयरमास्तर होते. शंकर-जयकिशनची गाणी बांधणारे सेबास्टियन डिसोझा, ते पण गोंयकारच. आपण रेडिओवर ऐकत मोठे झालो त्यातली किती तरी व्हायोलिनं असल्या इगर्जीच्या शाळांतून निघालेली.

अंकलच्या लहानपणी कोयरमध्ये एकही मुलगी नव्हती. मला वाटलं गावाची रीत असेल. तसं नाही, हुकूमच रोमचा. २२ नोव्हेंबर १९०३ ला, म्हणजे संगीताची संत सिसिलिया हिच्याच दिवशी, पोप दहावे पायस यांनी फर्मान काढलं की चर्चच्या विधीत गाणाऱ्या कोयरमध्ये बायका नकोत, वरचा आवाज हवा असेल तर लहान मुलगे गातील. बाईच्या दिवशी बायकांना बंदी, काय बोलणार. पन्नासच्या दशकात ते सैल झालं. आणि आज या कोयरमध्ये बघाल तर तीन मुलींमागे एक मुलगा, तो पण आईने ढकलून पाठवलेला. टिचर म्हणते पोप परत आला आणि मुलगेच पाहिजेत म्हणाला तर कोयर बंद.

खरा उलथापालथीचा काळ साठच्या दशकातला. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, आणि दोन वर्षांनी, ४ डिसेंबर १९६३ ला, रोमच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत ठराव झाला की विधी लोकांच्या भाषेत करता येतील. म्हणजे बघा, एका पोराने दहाव्या-अकराव्या वर्षी पाठ केलेली सगळी लॅटिन बाराव्या-तेराव्या वर्षी अडगळीत. वरच्या कोरावर (दाराच्या वर असतो ना लाकडी सज्जा, तिथे कोयर उभा राहायचा, लोकांच्या पाठीमागे) उभं राहून गाणारे ठरावीक लोक, आणि खाली गुडघ्यावर गप्प बसलेला गाव, हे बदललं, आता सगळ्यांनी गायचं, कोंकणीतून. नवी गाणी पाहिजेत, ती कोण करणार, ती पाठ कोण करवणार. मग गोव्यातल्या पाद्र्यांनी कोंकणी गाणी रचली, 'गायनांचो झेलो' नावाचं पुस्तक घरोघर गेलं, अजूनही अंकलच्या पिशवीत असतं, पानं सुटलेली, रबरबँड लावलेला.

यूथ कोयर जन्माला आला तो त्यानंतर, आणि अंकलच्या सांगण्याप्रमाणे भांडणातून. सत्तरच्या दशकात सात पोरं दोन गिटार घेऊन आली, म्हणाली आम्ही पण वाजवणार. म्हाताऱ्यांनी सांगितलं ही इगर्ज आहे, लग्नाचा बँड नाही. महिनाभर धुसफूस. शेवटी तेव्हाच्या फादरनी तोडगा काढला, सकाळचा पहिला मीस जुन्यांचा, व्हायोलिनवर, आणि दुसरा मीस पोरांचा. तीच वाटणी पुढे चालू राहिली. गंमत म्हणजे तेव्हा गिटारच्या विरोधात सगळ्यात मोठ्याने ओरडणाऱ्या एका माणसाचा मुलगाच पुढे जहाजावरून यामाहाचा कीबोर्ड घेऊन आला आणि कोयरला दिला. अंकल तेव्हा कुठल्या बाजूला होते हे मी तीनदा विचारलं, तिन्ही वेळा त्यांना पाणी प्यायची आठवण झाली.

मधेच एक सांगतो, आपल्या मराठी लोकांना वाटतं की इगर्ज आणि मराठी यांचा काय संबंध. फादर थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट (एका कॅथलिक संघाचा पाद्री) १५७९ ला गोव्यात आला आणि त्याने ओवीछंदात ख्रिस्तपुराण लिहिलं, मराठीत, जवळपास अकरा हजार ओव्या, १६१६ ला सासष्टीतल्या राशोलला छापलं. आणि ते गावोगावच्या इगर्जीत मोठ्याने म्हणायचे. चारशे वर्षांपूर्वी सासष्टीतल्या इगर्जीत ओवी घुमत होती. मी हे अंकलना सांगितलं तर ते म्हणाले, माहीत आहे, ओवीला हार्मनी लावून बघितली आहे का कधी? नाही बघितली. डोक्यात घोळतंय.

बरं, क्लासकडे परत. मला सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट म्हणजे हे लोक गळती कशी सांभाळतात. गोव्यातला कुठलाही कोयर ही गळकी बादली आहे. पोर अठरा-वीसचं झालं, आवाज तयार झाला, की कोणी जहाजावर, कोणी दुबई-कतार, कोणी पोर्तुगीज पासपोर्ट काढून युरोपात. माझ्या डोळ्यांसमोर दोन वर्षांत एक टेनर आणि दोन बेस गेले. आमच्या भजनी मंडळात असं झालं तर पंधरा दिवस शोक आणि मग पंचपदी कोण सांगणार यावर बैठक. इथे काय करतात, नवीन पोराला कधीच कडेला उभं करत नाहीत, दोन जुन्यांच्या मधे घालतात, सँडविचसारखं. त्याला कोणी वेगळं शिकवत नाही, डाव्या आणि उजव्या कानातून जे येतं त्यातच ते गात राहतं आणि सहा महिन्यांनी तेच पोर दुसऱ्याच्या डाव्या कानाला असतं. इतकं साधं. आम्ही नवीन पोराला टाळ देऊन मागे बसवतो, मागून त्याला दिसतो आमच्या पाठीवरचा घाम, पुढच्या सोमवारी तो येत नाही, आणि आम्ही म्हणतो आजकालच्या पोरांना आवड नाही. आमच्या मंडळात सगळ्यात तरुण माणूस मी आहे. वय ४६.

दुसरं, आवाज फुटलेले मुलगे. माझा भाचा पण जायचा तिथे, तेराव्या वर्षी आवाज फुटला, बोलताना मधेच कोंबडा आरवायचा, लाजून घरी बसणार होता. अंकलने त्याला बोलावलं, सांगितलं तीन महिने तू फक्त माझी पानं उलटायची, आणि मधे मधे जे चार सूर तुला आरामात लागतात तेवढेच म्हणायचे, बाकीच्या वेळी ओठ मिटून ऐकायचं. पानं उलटता उलटता तो बेसची ओळ शिकला. आता त्याला म्हणावं वर गा, तर गाता येत नाही, खाली मात्र रेड्यासारखा घुमतो.

गुड फ्रायडेची एक आठवण सांगायची राहिली. पवित्र आठवड्यात गुरुवारच्या मीसातला 'ग्लोरिया' (देवाच्या स्तुतीचं गाणं) झाला की घंटा आणि वाद्यं बंद, ती परत ईस्टरच्या रात्रीच्या ग्लोरियाला. घंटेच्या जागी मात्राक वाजवतात, लाकडी खटखट्या, कडाड-कडाड असा कोरडा आवाज, संध्याकाळी लांबून ऐकला तरी पोटात खड्डा पडतो. म्हणजे कोयरला कीबोर्ड नाही, काही नाही, नुसते गळे. शेजाऱ्यांबरोबर मी बाहेर अंगणात उभा होतो. टिचरने कानाजवळ काहीतरी धरलं, एकदा हळूच गुणगुणली, चारही आवाजांनी आपापला सूर त्यातून उचलला, आणि सुरू. सहा-सात मिनिटं. लोक हलत नव्हते. मी फोनवर रेकॉर्ड केलं (विचारून केलं), घरी येऊन पेटीवर लावून बघितलं, तर काळी दोनला सुरू केलेलं पांढरी दोनला संपलं. अर्धा सूर खाली घसरले सगळे, पण सगळे एकदम घसरले, म्हणून तिथे कुणाला कळलं नाही. पेटीवाल्याचा खवटपणा म्हणा, पुढच्या शनिवारी मी टिचरला सांगितलं. वाटलं रागावेल. ती म्हणाली फक्त अर्धा? मागच्या वर्षी पूर्ण गेला होता!

आता तक्रारी, कारण एक मार्क कापला आहे.

पहिली, गाण्याचे कागद. कोंकणी गाणी, पण रोमन लिपीत. आमच्या मुलीला इंग्रजी येतं म्हणून वाटलं वाचेल, पण रोमी कोंकणीत 'एक्स' अक्षर 'श' वाचायचं असतं, आणि शब्दाच्या शेवटी 'एम' आला की तो म्हणायचा नाही, नाकात सोडायचा. पोरगी घरी 'बोरेम, बोरेम' करत बसली, मला कळेना हे काय, मग लक्षात आलं, बरें. शेवटी मी रात्री बसून सगळी गाणी देवनागरीत लिहून काढली. दुसऱ्या आठवड्यात तीन घरांतून झेरॉक्स मागितली, त्यात एक कॅथलिक घर होतं. हे काम कोयरनेच करायला हरकत नाही, लिपीचं राजकारण बाजूला ठेवून, पोरांसाठी. मेसेजही तसेच येतात रोमीत, एकदा मी 'क्लास नाही' चा 'क्लास आहे' वाचून पावसात जाऊन आलो. ती चूक माझीच, तरी पण.

दुसरी, वेळापत्रक. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये क्लास हा क्लास राहतच नाही, प्रॅक्टिस होते, शनिवार आहेच, वर बुधवार, वर रविवार संध्याकाळ, पोरांच्या युनिट टेस्टशी कुणाला देणंघेणं नाही. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये तर जुन्या गोव्यात गोंयच्या सायबाचं (म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरचं) शवप्रदर्शन सुरू झालं, २१ नोव्हेंबर ते ५ जानेवारी, मोठ्या कोयरला तिथल्या एका मीसात गायचं होतं, तर आमच्या लहान पोरांचे सलग तीन शनिवार बुडाले. दहा वर्षांतून एकदा येतं, समजू शकतो. पण आधी सांगा ना.

तिसरी, नाताळच्या कार्यक्रमाचा साउंड. पन्नास मिनिटं उशीर, का तर माइक चालेना. भाड्याने आणलेला साउंडवाला एक वायर काढतोय, दुसरी घालतोय, मधेच कर्रकन शिट्टी, पहिल्या रांगेतली म्हातारी माणसं कानावर हात. पोरं पांढऱ्या कपड्यात स्टेजवर उभीच, एकीला चक्कर आली. शेवटी अंकल काठी टेकत स्टेजपाशी गेले आणि म्हणाले सगळं बंद कर. माइक नाही, काही नाही, नुसते गायले, आणि शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आलं. मग पुढच्या वर्षी कोणी सांगितलं होतं परत तोच साउंड लावायला? लावला. तेव्हा चाळीस मिनिटं.

चौथी तक्रार माझी नाही, आईची आहे, पण लिहितो. सोलो देत नाहीत. दोन वर्षांत नातीचा एकटीचा एकही व्हिडिओ नाही, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचं काय. मी एकदा भीत भीत टिचरकडे विषय काढला. मुलगी शेजारीच उभी होती, टिचर तिच्याकडे बघून म्हणाली, हांगा सोलो ना, बाय, पयलीं आयकूंक शीक. म्हणजे इथे सोलो नाही, आधी ऐकायला शीक. यात मी टिचरच्या बाजूने आहे, पण कुणाला पोराला टीव्हीवरच्या स्पर्धेत पाठवायचं असेल तर इथे येऊ नका, फुकट चिडचिड होईल. ज्यांना परीक्षा, ग्रेड, सर्टिफिकेट पाहिजे त्यांच्यासाठी पणजीला कला अकादमीचा पाश्चात्य संगीत विभाग आहे, त्याचं मूळ म्हणजे १९५२ ला आंतोनियो द फिगेरेदो यांनी काढलेली आकादमिया द म्युझिका. तिथे सगळं शिस्तीत होतं. इथे सर्टिफिकेट नाही, ट्रॉफी नाही, वर्षाच्या शेवटी एक पॅटिस आणि एक फ्रूटी मिळते.

आणि डास. हॉलच्या मागे शेत आहे. ओडोमॉस लावून पाठवा.

फायदा काय झाला ते विचाराल तर सांगतो, मुलगी आता नाट्यगीताच्या क्लासला पण जाते, तिथले गुरुजी म्हणाले हिचा सूर पक्का आहे, शेजारी कोणी बेसूर गायलं तरी ही हलत नाही. ते आल्टोमुळे, दुसरं काय. आणि ऑक्टोबरात कोयरवाल्यांची लादाईन (गाऊन म्हणायची प्रार्थना) असते वाड्यावरच्या खुरसाकडे (क्रुसाकडे), आम्ही सगळे जातो, अंकलचं व्हायोलिन, लॅटिनमधली ती लांबलचक नामावळी, मागून सगळे एका सुरात उत्तर देतात, डोळे मिटले तर थेट आपल्या विष्णुसहस्रनामाच्या वळणाची. नंतर उकडलेले चणे. ज्यांना चण्याबरोबर दुसरं काही पाहिजे त्यांच्यासाठी तेही असतं.

नावं जूनच्या पहिल्या आठवड्यात घेतात, शाळा सुरू झाल्यावर लगेच. आठ वर्षांच्या खाली घेत नाहीत. वर्षाचे पाचशे, त्यात झेरॉक्स आली. गाडी इगर्जीच्या समोर लावू नका, शनिवारी बऱ्याच वेळा लग्न असतं, बाजूच्या फुटबॉलच्या मैदानाकडे लावा. पावसात छत्री बाहेरच ठेवा, आत फरशीवर पाणी पडलं तर टिचर मॉप पालकांच्याच हातात देते, मला दोनदा दिला आहे.

आणि हो, पोराला सोडून बाहेर बाकावर बसत असाल तर एकटे बसा, अंकलच्या बाजूला नको. मागच्या महिन्यात मी सहज त्यांच्याबरोबर गुणगुणत होतो तर त्यांनी मान वळवून बघितलं आणि म्हणाले, आरे, बेसाक मनीस ना, तूं यो मरे. म्हणजे बेसला माणूस नाही, तू ये की. नाताळच्या कार्यक्रमापुरतं म्हणून हो म्हटलं. मला कागद मिळाला आहे, सोळा मात्रा नुसता सा, मग चार मात्रा खालचा प, मग परत सा. काल रात्री पेटी घेऊन बसलो होतो, आई स्वयंपाकघरातून म्हणाली, तुला पण चाल दिली नाही वाटतं.